राजा गेला, कुत्रं राहिलं

१९ सप्टेंबर २०२२. इंग्लंडात दुपारचे तीन वाजून गेले होते, आपल्याकडे दिवेलागण झाली होती. राणी एलिझाबेथची अंत्ययात्रा टीव्हीवर चालू होती आणि मी, कसलाही राजनिष्ठ नसताना, ती अधूनमधून बघत होतो. तोफा, बँड, अस्वलाच्या केसांच्या त्या उंच टोप्या. सगळं इतकं बसवलेलं, घोटलेलं, की यात कुणाला खरोखर वाईट वाटत असेल असं मनात येईना. मग शवपेटीची गाडी विंडसरच्या किल्ल्याकडे चढू लागली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोकांनी आणलेल्या फुलांचे ढीग होते, आणि त्या ढिगांमध्ये मुद्दाम सोडलेल्या एका मोकळ्या जागेत एक काळं तट्टू उभं होतं. तिचं नाव एमा. नव्वदी उलटल्यावरही राणी हिच्यावर बसून फेरफटका मारत असे. पाठीवर खोगीर होतं आणि खोगिरावर राणीचा डोक्याला बांधायचा रुमाल. पुढे किल्ल्याच्या चौकात आखूड पायांची, उभ्या कानांची दोन कॉर्गी कुत्री होती, लाल कोटातल्या सेवकांनी धरलेली. मिक आणि सँडी.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात, घरात, फोनवर ज्याने त्याने एकच विचारलं. चार्ल्स राजा म्हणून कसा निघेल हे नव्हे, राष्ट्रकुलाचं काय होणार हेही नव्हे. 'त्या कुत्र्यांचं आता काय होणार?'

उत्तर तोवर जाहीर झालं होतं. राणीचा दुसरा मुलगा अँड्र्यू आणि त्याची घटस्फोटित पत्नी सारा यांनी दोन्ही कुत्री विंडसरमधल्या आपल्या 'रॉयल लॉज'वर न्यायचं ठरवलं. (मिक हे नाव इंग्रजीत लिहिलेलं पाहिलं तर आपण 'म्यूइक' असं काहीतरी वाचू. बाल्मोरलजवळच्या तळ्याचं ते नाव आहे आणि उच्चार मिक.) ही कुत्री राणीकडे आली होती तीही अँड्र्यूकडूनच, २०२१ साली, नवरा रुग्णालयात आणि मग नवरा गेलेला अशा दिवसांत. पुढे २०२५ मध्ये अँड्र्यूची राजपुत्र ही पदवी गेली, राहतं घर सोडायची वेळ आली, तेव्हा वर्तमानपत्रांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला आणि राजवाड्याला पुन्हा सांगावं लागलं की कुत्री कुटुंबातच राहतील.

खुद्द राणीने हा प्रश्न फार आधी स्वतःला विचारला होता. १९४४ साली, अठराव्या वाढदिवसाला, तिला सुझन नावाची कॉर्गी मिळाली. त्यानंतर तिच्याकडे झालेल्या बहुतेक कॉर्गी या एकाच सुझनच्या वंशातल्या, चौदा पिढ्यांपर्यंत. ही पैदास ती स्वतः लक्ष घालून करवत असे. मग वय झाल्यावर तिने ती थांबवली. आपल्यामागे कुठलंही तरुण कुत्रं राहू नये, असं तिचं म्हणणं होतं, हे तिच्या घोड्यांचा सल्लागार माँटी रॉबर्ट्स याने नंतर सांगितलं. वंशातली शेवटची विलो २०१८ साली गेली. स्वतःच्या वंशाची चार पिढ्यांची रांग लावून ठेवणारी बाई कुत्र्यांचा वंश मात्र आपल्याबरोबर संपावा म्हणून काळजी घेत होती. मिक आणि सँडी त्या हिशोबाबाहेरून आली.

मला यातलं जे वेधक वाटतं ते असं. राजेशाहीत राजा मरत नाही. एक जातो त्याच क्षणी दुसरा झालेला असतो. तिथे घोषणाच तशी आहे, राजा मेला, राजा चिरायू होवो. आपल्याकडेही गादी रिकामी राहू नये म्हणून आधी मंचकारोहण उरकून घेत, राज्याभिषेक मग सवडीने. शिक्के बदलतात, नाणी बदलतात, पण मध्ये फट म्हणून राहत नाही. राजाच्या अवतीभवतीचे बरेचसे प्राणीही याच नियमाने चालतात. थेम्स नदीवरच्या खुणा नसलेल्या हंसांवर राजमुकुटाचा हक्क असतो, दर जुलैत त्यांची मोजणी होते. राणी गेली त्या दिवशी हे हंस आपोआप राजाचे झाले. हंसांना काही कळायचं कारण नव्हतं. बकिंगहॅम राजवाड्यात मधमाश्यांची पोळी आहेत. तिथले मधपाळ जॉन चॅपल यांनी प्रत्येक पेटीला काळी फीत बांधली आणि हळू आवाजात माश्यांना सांगितलं की तुमची धनीण गेली, आता नवा धनी आहे, तोही तुम्हाला सांभाळील. घरातला मृत्यू माश्यांना सांगितला नाही तर त्या मध द्यायचं थांबवतात किंवा उडून जातात, अशी तिकडच्या खेड्यांतली जुनी समजूत. शर्यतीच्या घोड्यांचं तर अगदी व्यवहारी झालं. महिना-दीड महिन्यात, ऑक्टोबरमध्ये, चार्ल्सने राणीचे चौदा घोडे न्यूमार्केटच्या लिलावात विकून टाकले. यात क्रूर काही नाही, दरवर्षी काही घोडे विकले जातातच.

पण कुत्र्याला नवा राजा कसा समजावणार? हंस राज्याचे, घोडे पागेचे. कुत्रं एका माणसाचं. त्याच्या लेखी धनी हे पद नसतं, वास असतो. सगळ्या राजवाड्यात, नवा राजा आला हे ज्याला मान्य नाही, असं तेवढं एकच प्राणी उरतं.

हे सगळ्यात उघड दिसलं ते २० मे १९१० या दिवशी.

सातव्या एडवर्डकडे सीझर नावाचा पांढरा, राठ केसांचा फॉक्स टेरियर होता. राजाच्या पलंगाशेजारी खुर्चीत झोपायचा, त्याला आंघोळ घालायला नि विंचरायला वेगळा नोकर होता, आणि गळ्यातल्या पट्ट्यावर लिहिलेलं होतं की मी सीझर, मी राजाचा. सगळे दरबारी याला वैतागलेले. कुणाच्या पँटला तोंड घालील नेम नाही, सँड्रिंगहॅमला सशांच्या मागे धावायचा, आणि राजा कौतुकाने नुसताच हातातली काठी हलवून दटावायचा. फाबर्जेने, म्हणजे रशियाच्या झारसाठी रत्नजडित अंडी घडवणाऱ्या त्याच कारखान्याने, या सीझरची दगडात कोरलेली छोटी मूर्ती केली होती. ६ मे रोजी एडवर्ड गेला. सीझर खोलीच्या दाराशी पडून राहू लागला, खाईना. विधवा राणी अलेक्झांड्राला हा कुत्रा आधी फारसा आवडत नसे म्हणतात. आता तिनेच त्याला जवळ घेऊन खायला घातलं.

आणि तिनेच ठरवलं की अंत्ययात्रेत तो चालेल. तोफगाड्यावर शवपेटी, तिच्यामागे राजाचा रिकाम्या खोगिराचा घोडा, आणि स्कॉटिश पोशाखातल्या एका सेवकाने धरलेला सीझर. त्याच्यामागे घोड्यांवरून नऊ राजे. जर्मनीचा कैसर विल्हेल्म त्यात होता, मेलेल्या राजाचा सख्खा भाचा. एका कुत्र्याच्या मागून चालावं लागलं याचा त्याला राग आला, असं तेव्हापासून सांगितलं जातं. विल्हेल्मचा स्वभाव पाहता आला नसता तरच नवल. त्या नऊ राजांचं पुढे काय झालं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण थोडक्यात सांगायचं तर पोर्तुगालच्या मॅन्युएलचं राज्य त्याच वर्षी ऑक्टोबरात गेलं, ग्रीसच्या जॉर्जला १९१३ मध्ये गोळी घालून मारलं, आणि खुद्द कैसर १९१८ मध्ये हॉलंडला पळाला. सीझर त्यामानाने बऱ्या अवस्थेत गेला, १९१४ साली, एका शस्त्रक्रियेनंतर, अलेक्झांड्राच्या घरी.

त्याच वर्षी, १९१० मध्येच, 'व्हेअर्स मास्टर?' नावाचं एक छोटं पुस्तक निघालं आणि भराभर खपलं. धनी कुठाय, असं विचारत फिरणाऱ्या सीझरच्या तोंडून लिहिलेलं. ते लिहिणाऱ्याने आपलं नाव घातलं नव्हतं. लेखक म्हणून सीझरच. लोकांना नऊ राजे आठवले नाहीत, कुत्रा आठवला. याचं कारण मला तरी असं वाटतं की त्या सबंध मिरवणुकीत प्रत्येक जण कसला ना कसला हुद्दा धरून चालत होता, भाऊ, पुतण्या, सम्राट, राष्ट्रप्रतिनिधी. कुत्रा चालत होता तो फक्त त्या माणसाच्या मागे. अर्थात त्याला तिथे आणलं होतं माणसांनीच, आणि गर्दीला काय दिसावं हे ठरवूनच आणलं होतं. विंडसरच्या सेंट जॉर्ज चॅपलमध्ये एडवर्डच्या संगमरवरी प्रतिमेच्या पायाशी आज सीझर पहुडलेला आहे. खरा सीझर लंडनला, अलेक्झांड्राच्या घराच्या बागेत पुरलेला.

सेंट जॉर्ज चॅपलमध्ये राजा आणि दगडी कुत्रा जवळ आहेत. प्रशियाच्या फ्रेडरिकला खरीच कुत्री जवळ हवी होती.

हा 'महान' म्हणून ओळखला जाणारा दुसरा फ्रेडरिक. युरोपभर लढाया केल्या, बासरी वाजवली, व्हॉल्टेअरशी आधी दोस्ती नि मग भांडण केलं, आणि म्हातारपणी माणसांना कंटाळून इटालियन ग्रेहाउंड जातीच्या सडपातळ कुत्र्यांत राहिला. एकेक कुत्रं गेलं की पॉट्सडॅमच्या आपल्या सान्सुसी वाड्याच्या गच्चीवर त्याला पुरून वर नाव कोरलेली शिळा बसवायचा. अशा अकरा शिळा तिथे आहेत. मृत्युपत्रात त्याने लिहून ठेवलं की मलाही इथेच, कुत्र्यांशेजारी, रात्रीच्या वेळी, गाजावाजा न करता पुरा. १७ ऑगस्ट १७८६ ला तो आरामखुर्चीतच गेला. गादीवर पुतण्या आला. राजाला कुत्र्यांशेजारी पुरायचं हे त्याला काही पटेना. त्याने काकाला नेऊन ठेवलं गॅरिसन चर्चमध्ये, बापाशेजारी. आणि बाप कोण, तर ज्याने तरुण फ्रेडरिकला कैदेत टाकून त्याचा जिवलग मित्र काट्टं याचं डोकं उडवलं आणि ते मुलाला बघायला लावलं, तो. दुसऱ्या महायुद्धात शवपेट्या मिठाच्या खाणीत लपवल्या गेल्या, मग अमेरिकी सैन्याला सापडल्या, मग मारबुर्गला, मग होहेन्झोलर्न घराण्याच्या किल्ल्यात. शेवटी जर्मनी एक झाल्यावर, १७ ऑगस्ट १९९१ च्या रात्री, फ्रेडरिक आपल्या कुत्र्यांपाशी पोचला. नेमकी दोनशे पाच वर्षं लागली. लोक आता त्याच्या शिळेवर बटाटे ठेवतात, कारण प्रशियाच्या शेतकऱ्यांना बटाटा लावायला त्याने भाग पाडलं म्हणतात. कुत्र्यांच्या शिळांवर कुणी काही ठेवतं का ते माहीत नाही.

आतापर्यंतचे राजे आपापल्या अंथरुणावर किंवा खुर्चीत गेले, राज्य मागे शाबूत होतं. राजाबरोबर राज्यच गेलं तर?

व्हर्सायला चौदाव्या लुईने १६६० च्या दशकात प्राणिसंग्रह बांधला होता. मधोमध अष्टकोनी महाल, त्याभोवती पंख्याच्या पात्यांसारखी मांडलेली अंगणं. राजाने मध्यावर उभं राहायचं आणि साऱ्या सृष्टीवर नजर टाकायची. १७७० साली तिथे एक गेंडा आला. बंगालमधल्या चंदननगर या फ्रेंच वसाहतीतून पंधराव्या लुईला भेट म्हणून पाठवलेला, एकशिंगी, आपला. जहाजाने महिनोन् महिने प्रवास करून तो फ्रान्सला उतरला आणि पुढची तेवीस वर्षं त्या अंगणात आणि डबक्यात राहिला. त्याला भेट घेणारा लुई मेला, सोळावा लुई आला. गेंड्याला फरक पडायचं कारण नव्हतं.

मग ६ ऑक्टोबर १७८९ ला जमावाने राजाला कुटुंबासह पॅरिसला नेलं. वाड्यात कुणी उरलं नाही, पण अंगणात गेंडा होता, सिंह होता, सिंहाबरोबर लहानपणापासून वाढलेला एक कुत्रा होता, क्वागा होता (अर्ध्या अंगावर पट्टे असलेला झेब्र्याचा भाऊबंद, आता पृथ्वीवरून नाहीसा झालेला). खायला कोण घालणार? लोकांना भाकरी नाही म्हणून तर हे सगळं सुरू झालेलं. १० ऑगस्ट १७९२ ला राजेशाही कोसळली, त्यानंतर संग्रहावर धाड आली. खाण्याजोगे प्राणी खाल्ले गेले, काही सोडून दिले गेले. जे उरले त्यांच्याबद्दल व्हर्सायच्या अधिकाऱ्याने पॅरिसच्या राजोद्यानाला कळवलं की हवे असतील तर न्या, सांगाडे करायला उपयोगी पडतील. त्या उद्यानाचा प्रमुख तेव्हा बर्नार्डँ द सँ-पिएर होता, 'पॉल आणि व्हर्जिनी' कादंबरीचा लेखक. तो म्हणाला, सांगाडे कशाला, जिवंतच आणू. प्राणी राजाच्या मिरवण्यासाठी नव्हे, अभ्यासासाठी आणि लोकांना बघण्यासाठी ठेवता येतील, असं त्याने निवेदन लिहिलं. वर्ष दीड वर्ष त्यात गेलं. २१ जानेवारी १७९३ ला राजाचं डोकं उडालं. त्याच वर्षी गेंडाही मेला, पॅरिसला जायच्या आधीच. शरीर मात्र गेलं. शरीरशास्त्रज्ञांनी ते फाडून तपासलं, आणि त्याचा सांगाडा नि पेंढा भरलेलं कातडं आजही पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे. सिंह आणि त्याचा कुत्रा १७९४ मध्ये जिवंत पोचले. तिथून पुढे जी संस्था उभी राहिली ती जगातल्या पहिल्या सार्वजनिक प्राणिसंग्रहालयांपैकी एक.

लंडनलाही थोड्याफार फरकाने हेच झालं, फक्त डोकं न उडवता. चौथा जॉर्ज १८३० मध्ये मेला, आणि त्याच्या भावाला विंडसरच्या जनावरांत काडीचा रस नव्हता. त्याने ती रीजंट्स पार्कातल्या प्राणिसंस्थेला देऊन टाकली, मागोमाग टॉवर ऑफ लंडनमधलेही प्राणी गेले. आपण रविवारी पोरांना घेऊन ज्याला बघायला जातो ते 'झू' हे एका परीने मेलेल्या राजांचं मागे राहिलेलं बिऱ्हाड आहे.

गेंडा राहिला काय, गेला काय, त्याच्याकडून कुणी निष्ठेची अपेक्षा केली नाही. कुत्र्याकडून ती केली जाते. इथे मला रायगडावर यावं लागेल.

शिवाजी महाराजांच्या समाधीजवळ उंच चौथऱ्यावर वाघ्या कुत्र्याचा पुतळा आहे. तो तुम्ही पाहिला असेल, शाळेच्या सहलीत त्याची गोष्टही ऐकली असेल: ३ एप्रिल १६८० ला महाराज गेले, चिता पेटली आणि वाघ्याने तीत उडी घेतली. पुतळा १९३६ चा, इंदूरच्या तुकोजीराव होळकरांच्या देणगीतून उभा राहिलेला. शिवकाळातल्या कागदांत वाघ्याचा उल्लेख सापडत नाही, असं अभ्यासक पुन्हा पुन्हा सांगत आले आहेत. २०१२ च्या ऑगस्टमध्ये काही कार्यकर्त्यांनी पुतळा उखडून दरीत टाकला, काही दिवसांत तो परत बसला. २०२५ च्या मार्चमध्ये संभाजीराजे छत्रपतींनी तो हटवण्याची मागणी केली, धनगर समाजातून तिला विरोध झाला. या वादात पडायची माझी इच्छा नाही. कागद नाही म्हणजे इतिहास नाही, एवढं मी मानतो. आणि लोकांनी वर्षानुवर्षं ज्याच्यापुढे हात जोडले त्याला दरीत फेकून इतिहास शुद्ध होतो, हे मी मानत नाही.

मला खटकते ती गोष्टीची घडण. धनी गेला म्हणून चितेत उडी घेणं हे कुत्र्याचं वागणं नाही. कुत्रं विस्तवापासून लांब पळतं. खाणं सोडील, दाराशी पडून राहील, सीझरसारखं. चितेत जाणं ही माणसांची रीत, तीही माणसांतल्या बायकांवर घातलेली. त्याच १६८० साली, काही आठवड्यांनी, महाराजांच्या राणी पुतळाबाई सती गेल्याची नोंद आहे. म्हणजे जे राणीने केलं तेच गोष्टीने कुत्र्याला करायला लावलं, आणि पुतळा कुत्र्याचा मोठा झाला. पुतळाबाईंचं नाव सहलीच्या किती मुलांना सांगता येईल?

कागदपत्रांत सापडणारा राजाचा कुत्रा हवा असेल तर साताऱ्याला जावं लागतं. थोरले शाहू महाराज, शिवाजी महाराजांचे नातू. शिकारीत वाघ अंगावर आला असता त्यांच्या कुत्र्याने त्यांना वाचवलं. त्या उपकाराची फेड त्यांनी राजाला शोभेल अशी केली: कुत्र्याच्या नावाने जहागिरीची सनद दिली आणि पालखीचा मान दिला. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात हे लिहून ठेवलंय, आणि पालखीचा सरंजाम खरोखर चालू ठेवला गेला असंही. भोई, दिवटीवाले, त्यांचे पगार, सगळं. लाडक्या राणी सगुणाबाई गेल्यावर शाहूंच्या मनाचा तोल काही काळ ढळला होता. एकदा एक सरदार भेटीला यायचे होते, तेव्हा महाराजांनी कुत्र्याला जरीचे कपडे, दागिने घातले आणि स्वतःचं पागोटं त्याच्या डोक्यावर ठेवलं. शुद्धीवर आल्यावरही त्यांनी पुन्हा कधी डोक्याला काही घातलं नाही. ग्रँट डफ हे वेडाचं लक्षण म्हणून सांगतो. असेलही. पण वयाच्या आठव्या वर्षापासून सतरा-अठरा वर्षं मोगलांच्या छावणीत कैदेत काढलेला, मग चुलतीशी गादीसाठी लढलेला, आणि म्हातारपणी आपल्यामागे गादीवर कोण यावरून घरातच डाव चाललेले बघणारा माणूस पागोटं कुत्र्याच्या डोक्यावर ठेवतो, यात मला निव्वळ वेड दिसत नाही.

१५ डिसेंबर १७४९ ला शाहू गेले. त्यांच्यामागे सती गेल्या त्या राणी सकवारबाई. ग्रँट डफच्या म्हणण्याप्रमाणे त्यांना सत्ता हवी होती, मरण नव्हे; बेत लपवण्यासाठी त्या 'मी सती जाणार' असं चारचौघांत बोलत राहिल्या, आणि वेळ येताच पेशव्याच्या बाजूने त्यांना त्याच शब्दात अडकवलं. संगम माहुलीला कृष्णा आणि वेण्णा मिळतात. शाहूंची समाधी तिथे, आणि तिथेच त्यांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याचीही समाधी, वर कुत्र्याची दगडी मूर्ती. मी गेलो तेव्हा पावसाळा नुकताच सरला होता, घाटाच्या पायऱ्यांवर गाळ होता आणि खंड्याच्या पायाशी कुणीतरी झेंडूची दोन फुलं ठेवली होती. त्याने कुठे उडी घेतली, असं कुणी सांगत नाही. त्याने वाचवलं एवढंच सांगतात.

उडी न घेता मागे राहिलेल्या कुत्र्याची एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त आठवते, आणि ती जशी घडली तशी कुणी रचली असती तर आपण हसलो असतो.

रशियाचा झार दुसरा निकोलस मार्च १९१७ मध्ये पदच्युत झाला. इंग्लंडचा पाचवा जॉर्ज, म्हणजे सीझरच्या धन्याचा मुलगा, हा त्याचा मावसभाऊ. दोघे इतके सारखे दिसायचे की नोकर फसायचे. ब्रिटिश सरकारने आधी झारच्या कुटुंबाला आसरा देऊ केला. मग आपल्याच गादीला धोका होईल या भीतीने जॉर्जने तो मागे घ्यायला लावला. कुटुंब आधी सैबेरियात, मग येकातेरिनबुर्गच्या इपातियेव घरात कैदेत गेलं. त्यांच्याबरोबर कुत्री होती. मुलगा अलेक्सेई याचा जॉय नावाचा स्पॅनियल, तात्यानाचा बुलडॉग ऑर्टिपो, आणि लहानगा जिमी. १७ जुलै १९१८ च्या पहाटे तळघरात सगळ्या कुटुंबाला, डॉक्टर आणि नोकरांसकट, गोळ्या घातल्या. ऑर्टिपो आणि जिमीही मेले. जिमीचं शव पुढच्या वर्षी खाणीच्या विहिरीत सापडलं. जॉय तेवढा वाचला. तो भुंकला नाही म्हणून, असं सांगतात. नंतर पहाऱ्यावरच्या एका शिपायाने त्याला घरी नेलं, धन्याला शोधत उपाशी मरू नये म्हणून.

आठवडाभरात श्वेत सैन्याने शहर घेतलं आणि जॉय ओळखला गेला. तो पावेल रोद्झियान्को नावाच्या, ब्रिटिश लष्करी पथकाबरोबर असलेल्या कर्नलकडे आला. ओम्स्कमध्ये त्याला भेटायला बॅरोनेस बुक्सहोवदेन गेली, झारच्या राणीची सखी, कुटुंबासोबत सैबेरियापर्यंत गेलेली. कुत्र्याला जवळजवळ दिसत नव्हतं. पण तिचा वास लागताच तो असा काही अंगावर झेपावला, की तिने लिहिलंय, इतका आनंद त्याने तिला पाहून पूर्वी कधी दाखवला नव्हता. बहुधा त्याला वाटलं असावं की ही आली म्हणजे बाकीचे मागून येत असतील. ती निघून गेल्यावर तो दिवसभर दाराकडे तोंड करून पडून राहिला, जेवला नाही.

यादवी हरल्यावर रोद्झियान्को इंग्लंडला आला, येताना जॉयला घेऊन आला. जॉय उरलेली वर्षं तिथे राहिला, जेवत, झोपत, अंधुक डोळ्यांनी हिंडत. त्या अंधाऱ्या तळघरात काय झालं ते त्याने पाहिलं होतं का आणि त्याला काय आठवतं, असं त्याचा नवा धनी त्याच्या डोळ्यांत बघत स्वतःला विचारत असे. मेल्यावर त्याला त्याने आपल्या बागेत पुरलं. ही बाग विंडसरजवळ होती, जॉर्ज राजाच्या किल्ल्यापासून काही मैलांवर.